राजा-राणीची पेटी : प्रकल्प नोंदी

४ मार्च
दोन कॉर्न स्नेक आले (अमेरिकेतले बिनविषारी साप, लोक घरी पाळतात). एकाच काचपेटीत, एकाच आडोशाखाली, एकमेकांत इतके गुंतलेले की कुठली शेपटी कुणाची हे कळायला मिनिटभर लागलं. वय सहा वर्षं, एकाच वेळच्या अंड्यांतून निघालेली भावंडं. मालक जुना सहकारी, बदली लांबची झाली म्हणून साप माझ्याकडे. काचेवर चिठ्ठी चिकटवलेली : ‘हा राजा, ही राणी. दोघं एकमेकांशिवाय राहत नाहीत. प्लीज, वेगळं करू नकोस.’ फोनवरही तेच म्हणाला. मी ‘बघतो’ म्हणालो. शब्द दिलेला नाही.

मापं : राजा १२६ सेंमी, ५७० ग्रॅम. राणी ९८ सेंमी, २३५ ग्रॅम. (साप मापाला सरळ पडून राहत नाही. काचेखालून फोटो काढायचा, त्यावर दोरा धरायचा आणि हिशेब करायचा. दोन-तीन सेंमी इकडेतिकडे होणारच.) वजन मात्र दोनदा केलं, कारण आकडा पटेना. सहा वर्षं एका छताखाली एकच जेवण जेवलेली भावंडं, आणि एक दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी.

पेटी मागच्या खोलीत ठेवली. माझे गार्टर स्नेक (हेही उत्तर अमेरिकेतले, सडपातळ) पुढच्या खोलीत. किमान ९० दिवस या दोन खोल्यांचे चिमटे, भांडी, फडकी वेगळी. आधी गार्टरचं काम उरकायचं, मग इकडे यायचं. उलट क्रम कधीच नाही.

५ मार्च
पेटीची झडती. ९० × ४५ सेंमी. आडोसा एक. पाण्याचं भांडं एक. खालून तापणारी पट्टी एक, तीही नेमकी आडोशाखाली. आत ३१ अंश, दुसऱ्या टोकाला २३. थर्मोस्टॅट आहे, म्हणजे निष्काळजी माणूस नाही.

पण मग ‘दोघं नेहमी एकत्र असतात’ याचा अर्थ काय लावायचा? सापाला अंग चोरून बसायला जागा हवी आणि ऊबही हवी. अख्ख्या पेटीत दोन्ही एकत्र मिळतात ती जागा एकच. पावसात एका टपरीखाली उभी असलेली माणसं एकमेकांची नातेवाईक नसतात.

पण नसतातच असंही नाही. म्हणजे या पेटीकडे वर्षभर टक लावून बसलो तरी उत्तर मिळायचं नाही. प्रश्नच बदलायला हवा : प्रत्येक गोष्ट दोन-दोन ठेवली, तरी ही दोघं एकाच जागी जातात का?

७ मार्च
जेवण. मालक पेटीच्या दोन टोकांना एकेक उंदीर ठेवायचा. ते आजपासून बंद. दोन सापांनी एकच भक्ष्य दोन बाजूंनी धरलं की तोंडाला तोंड भिडतं, आणि मोठा साप थांबत नाही, गिळतच जातो. कॉर्न स्नेक काही किंगस्नेक नव्हे. किंगस्नेकच्या रोजच्या जेवणातच साप असतात, स्वतःच्या जातीचेसुद्धा, आणि ते जोडीने ठेवणं म्हणजे उघड मूर्खपणा. पण कॉर्न स्नेकनेही जोडीदार गिळल्याची उदाहरणं आहेत. शिवाय जेवण संपलं तरी तोंडाला उंदराचा वास राहतो. दुसऱ्याला तेवढा पुरतो.

राणीला झाकणाच्या टबात ठेवलं, आत छोटा आडोसा. राजाला पेटीतच दिलं. चिमटा आत जाताच त्याने झडप घातली, तीन वेटोळी, दहा मिनिटांत काम तमाम. राणीने उंदराकडे पाहिलं, जीभ दोनदा बाहेर काढली आणि डोकं मागे घेतलं. तासाभराने उंदीर काढून घेतला.

१० मार्च
डॉक्टरांकडे. विष्ठेचा नमुना द्यायचा होता. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुणाची?”

माहीत नाही. पेटी एक, साप दोन. आत उलटी सापडली तर ती कुणाची, हेही कळणार नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग झालेला साप खाल्लेलं बाहेर टाकतो आणि हळूहळू वाळत जातो. दोघं एकत्र असतील, तर हे चाललंय ते कळायलाच महिना जातो, तोवर दुसऱ्यालाही लागण झालेली असते. सापांच्या अंगावरच्या माइट किड्यांचं तेच, एकावर आले की दुसऱ्यावर आलेच. एकत्र ठेवण्याबद्दल लोक मारामाऱ्या आणि मैत्रीवर तावातावाने बोलतात, विष्ठेबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा तोच. आता दोघांना तीन-तीन दिवस वेगळ्या टबात ठेवून नमुने गोळा करायचे.

दुसरी बातमी : राणी नर आहे.

शेपटीवरून शंका आली होती. मादीची शेपटी गुदद्वारामागे लगेच निमुळती होते, हिची बरीच लांबपर्यंत जाडसर होती. डॉक्टरांनी बारीक सळी घातली. मादीत ती दोन-चार खवल्यांवर अडते. हिच्यात दहाव्या खवल्यापर्यंत सरळ गेली. ही तपासणी जाणत्या हातानेच करायची, घरी करून पाहायची गोष्ट नाही.

म्हणजे सहा वर्षांचा संसार दोन भावांचा. चणीने लहान म्हणून ‘राणी’. यापुढे नोंदीत ‘राणी आला, राणी गेला’ असंच लिहिणार आहे. वाचायला विचित्र वाटेल, इलाज नाही.

मालकाला कळवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : ‘तरी पण एकमेकांची सवय आहेच ना?’ प्रश्न रास्त आहे.

१४ मार्च
दोघांचे नमुने स्वच्छ. राणीने टबात पहिल्यांदा खाल्लं, तेही रात्री अकरानंतर, दिवा घालवल्यावर, वर कापड टाकल्यावर. दोन दिवस टबातच राहील. पोटात जेवण असलेल्या सापाला उचललं की तो खाल्लेलं ओकू शकतो. ‘वेगळ्या डब्यात खायला घाला’ हा सल्ला देणारे ही अडचण सांगायला विसरतात.

१६ मार्च
रविवार. मालकाच्या प्रश्नासाठी वाचन. साप माणसाळत नाही, साप एकलकोंडा, सापाला कुणाचं काही पडलेलं नसतं, हे लहानपणापासून ऐकत आलोय. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन काही वेगळंच सांगतं.

सगळ्यात डोक्यात राहिलेलं काम कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातलं, मॉर्गन स्किनर आणि नोआम मिलर यांचं, २०२० सालचं. गार्टर स्नेकची ४० पिल्लं. दहा-दहाचे गट, एका आवारात चारच आडोसे. ओळख पटावी म्हणून अंगावर रंगाचे ठिपके. दिवसातून दोनदा फोटो. आणि खरी गंमत पुढे : दिवसातून दोनदा सगळ्यांना बाहेर काढायचे, वास जावा म्हणून जागा पुसून काढायचे आणि पिल्लं परत ठेवताना त्यांच्या जागा बदलायचे. तरी पिल्लं फिरून त्याच त्या सोबत्यांकडे जात. ऊब किंवा आडोसा एवढंच कारण असतं तर ‘कुणाबरोबर’ याला महत्त्व राहिलं नसतं. त्यांच्या लेखी ते होतं.

दुसरं काम टिंबर रॅटलस्नेक या अमेरिकेतल्या विषारी सापावरचं. रुलॉन क्लार्क यांनी २००४ मध्ये दाखवलं की या जातीत सख्ख्या बहिणी एकमेकींजवळ राहणं पसंत करतात, जन्मानंतर वेगळ्या वाढवलेल्या असल्या तरी. रॅटलस्नेकची आई पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत त्यांच्याजवळ थांबते. दक्षिण आफ्रिकेत ग्रॅहम अलेक्झांडर यांनी अजगरांच्या माद्या पाहिल्या. अंडी फुटल्यावरही आई साधारण दोन आठवडे बिळात पिल्लांसोबत राहते, दिवसा उन्हात तापून येते आणि रात्री पिल्लं तिच्या वेटोळ्यांत ऊब घेतात. क्यूबातल्या एका गुहेत बोआ साप वटवाघळांच्या वाटेवर एकमेकांशेजारी लटकून पडदाच उभा करतात. व्लादिमिर डिनेट्स यांचं २०१७ मधलं निरीक्षण आहे हे : जास्त साप एकत्र आले की शिकार हमखास मिळते.

आणि २०२३ चा प्रयोग, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातला. रॅटलस्नेकना हृदयाचे ठोके मोजायची यंत्रं लावली, बादलीत ठेवून घाबरवलं. एकटा असताना ठोके जितके वाढले, शेजारी दुसरा साप असताना तितके वाढले नाहीत. नुसतं सोबतीला कुणी असणं.

हे वाचून हात थांबला. मी तर ‘वेगळं करायचं’ असं मनात ठरवूनच बसलो होतो.

१७ मार्च
कालचं वाचून झोप नीट लागली नाही. सकाळी एक गोष्ट लक्षात आली. यातलं कॉर्न स्नेकबद्दल काहीच नाही. ‘साप’ म्हणून एक प्राणी नसतोच. चार हजारांच्या आसपास जाती आहेत. गार्टर स्नेक कॅनडातल्या मॅनिटोबात, नार्सिसच्या चुनखडीच्या विवरांत हिवाळाभर हजारोंच्या संख्येने एकत्र पडून असतात. थंडीत जमीन गोठते त्या थराच्या खाली उतरायला तिथे जागाच मोजक्या, म्हणून गर्दीची सवय त्यांच्या रक्तात. कॉर्न स्नेक प्रौढ झाला की बहुतेक वेळ एकटा फिरतो, नर-मादी भेटतात त्या जुगण्यापुरत्या. एकाचा नियम दुसऱ्याला लावणं म्हणजे मांजरांच्या वागण्यावरून सिंहांचा कळप समजून घेणं.

ठरलं. वाचून नाही, बघून.

१८ ते २० मार्च
मोठी पेटी उभी केली. १८० × ६० × ६० सेंमी, पुढे सरकत्या काचा. अर्धी गरम, अर्धी गार. गरम भागात दोन आडोसे, गार भागात दोन. चारही एकाच मापाचे, एकाच रंगाचे, एकाच दुकानातले. (आधी गरम भागात एक लाकडी, एक प्लास्टिकचा ठेवला होता. भाची म्हणाली, “मामा, मग त्याला लाकूडच आवडत असेल तर?” बरोबर आहे. बदलला.) पाण्याची भांडी दोन. मधोमध खाचेत बसणारी फळी, जेवणाच्या दिवसांसाठी.

पेटी रिकामीच दोन दिवस चालवून पाहिली आणि बरं झालं. थर्मोस्टॅटचा सेन्सर मी रबरी चोखणीने काचेला चिकटवला होता. पहिल्याच रात्री सुटला आणि गार भागाकडे लोंबकळत राहिला. यंत्राला वाटलं पेटी थंड पडली, ते तापवत राहिलं. सकाळी जमिनीवर ३९ अंश. आत साप असते तर? आता सेन्सर क्लिपने आवळलाय, वायर बाहेरून पक्की, शिवाय दुसरा थर्मामीटर वेगळा. गरम बाजू ३०, गार बाजू २४ वर स्थिर.

२१ मार्च
दोघांना एकाच वेळी सोडलं, एकेक टोकाला. पहिला तासभर फक्त जिभा. साप वास जिभेवर घेतो आणि टाळूतल्या अवयवाला पोचवतो. त्यामुळे नव्या घरात त्याचं ‘बघणं’ म्हणजे भिंतीभिंतीने जीभ लवलववत फिरणं. राजा गरम भागातल्या डाव्या आडोशात शिरला. वीस मिनिटांनी राणीही तिथेच.

भाची विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होती.

नोंदीची पद्धत : सकाळी ८, रात्री ९. कोण कुठे, एवढंच. आडोसा उचलायचा नाही, मागच्या काचेतून टॉर्चने बघायचं. ‘प्रेमाने बसलेत’, ‘रुसलेत’ वगैरे शेरे लिहायचे नाहीत (हे भाचीसाठी).

२४ मार्च
आठ नोंदींत पाच वेळा दोघं एकत्र. मालकाला सांगायचा मोह आवरला.

२९ मार्च
जेवणासाठी कालपासून मधे फळी. दोघांनी खाल्लं, राणीने या वेळी दिवसाउजेडी. हे दोन दिवस मोजणीत धरणार नाही.

५ एप्रिल
१४ दिवसांच्या २८ नोंदी पूर्ण.

एकाच आडोशात : ६ वेळा. त्यातल्या ५ पहिल्या चार दिवसांत, नवी जागा अंगवळणी पडेपर्यंतच्या. नंतरच्या दहा दिवसांत फक्त एकदा.

राजा गरम भागात : १९ वेळा. दोन्ही गरम आडोसे तो आलटून पालटून वापरतो.

राणी गरम भागात : ८ वेळा, आणि त्यातले ६ म्हणजे तेच, राजाबरोबरचे.

म्हणजे राजा गरम भागात एका आडोशात असताना, शेजारी तसाच दुसरा रिकामा असूनही, राणी तिकडे फिरकत नाही. गार भागात पडून राहतो. मारामारी नाही, चावा नाही, फुसकारणंही नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, किती गुण्यागोविंदाने राहतात. सापांची दादागिरी आवाज करत नाही. ती जागा अडवून बसते.

पण खात्री नाही. कदाचित राणीला २४ अंशच बरं वाटत असेल. खाल्लेलं पचवायला ऊब लागते हे खरं, पण आवडनिवड असू शकते. एक सोपी चाचणी आहे.

७ एप्रिल
काल सकाळपासून राजा वेगळ्या टबात, ऊब-आडोशाची सोय करून. पेटीत राणी एकटा. चार नोंदी. चारही वेळा गरम भागात. आज रात्री तर आडोशाच्या बाहेर, ऐन पट्टीवर, लांबच लांब पसरून पडला होता. त्याला असा पसरलेला मी प्रथमच पाहतोय. जमिनीवर अंग टेकलं होतं तिथे खवले किंचित फाकलेले, पोटाची कड चपटी झालेली. थंडीतला माणूस शेकोटीकडे तळवे करतो, तसं त्याचं सगळं अंग.

दोन साप आणि चार नोंदी, यावरून जगाला सांगण्यासारखं काही सिद्ध होत नाही. मला या दोघांपुरतं कळायचं होतं, ते कळलं.

८ एप्रिल
राजाला संध्याकाळी परत सोडलं. खरं तर नको होतं. पण मालकाच्या ‘सवय आहे ना’ला एक शेवटची संधी द्यावी वाटली.

रात्री साडेनऊ. राणी गरम आडोशातून डोकं बाहेर काढून. राजा आला, जीभ लांब-लांब बाहेर ठेवत. राणीच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि तिथून अंगावर चढत गेला. अंगाला मधूनच झटके. मानेपर्यंत पोचल्यावर त्याने आपली मान राणीच्या मानेवर आडवी टाकली आणि खाली दाबली.

“मामा, मिठी मारतोय,” भाची कुजबुजली.

राणीची शेपटी थरथरायला लागली, कोरड्या पानांत वाजते तशी आमच्या भुशात तर्र वाजली. त्याने डोकं ओढून घ्यायचा प्रयत्न केला. राजाने दाब वाढवला. दोन नर भेटले की असंच होतं, आधी उंच कोण ते ठरतं, मग खाली कोण ते. जंगलात हरलेला निघून जातो आणि विषय संपतो. पेटीत निघून जायला १८० सेंमी असतात, पुढे काच.

फळी घातली.

९ एप्रिल
कायमची विभागणी. फळीच्या जागी अपारदर्शक पत्रा, कडा सिलिकोनने बंद (साप बाहेर काढून, दोन दिवस हवा लागू देऊन मगच परत ठेवायचे). दोन्ही बाजूंना स्वतंत्र पट्टी, स्वतंत्र थर्मोस्टॅट. वास थोडा जाईलच पलीकडे, त्याला इलाज नाही. प्रत्येकाला ९० सेंमी उरले. राजा १२६ सेंमीचा. सापाला अंग सरळ ताणता यायला हवं या मताचा मी आहे, म्हणजे ही सोय तात्पुरती. राजासाठी नवी पेटी करायला घेतो.

२० एप्रिल
भाचीचा आक्षेप नोंदवून ठेवतो, कारण तो चुकीचा नाही. “तुझे तीन गार्टर एकत्र राहतात ते चालतं का मग?”

चालतं. तिघी माद्या, एकाच वयाच्या, जाडीत फारसा फरक नाही. आडोसे पाच, तरी दिवसा तिघी बहुतेक वेळा एकाच आडोशात, आणि सगळे आडोसे धुऊन जागा बदलल्या तरी पुन्हा तिघी एकीकडे. ही जात गर्दीतच वाढलेली आहे. पण तिथेही जेवताना तिघींना वेगळं करावंच लागतं. मागे एकदा आळस केला होता. एकच गांडूळ दोघींनी दोन टोकांनी धरलं, आणि मी धावेपर्यंत एकीचं तोंड दुसरीच्या जबड्यात गेलेलं होतं. ओल्या कापसाने सोडवलं, पाच मिनिटं लागली, पाच मिनिटांत माझं काय झालं ते लिहीत नाही. दर महिन्याला तिघींचं वजन करतो. एक मागे पडायला लागली की तिची पेटी वेगळी, तिथे भावना आणायच्या नाहीत.

२ मे
मालकाने एक बातमी पाठवली. ‘बघ, बॉल पायथनसुद्धा!’ त्याच मिलर यांच्या प्रयोगशाळेचं, २०२४ चं काम. बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर म्हणजे ‘एकटा जीव’ याचं ठरलेलं उदाहरण. सहा-सहा पिल्लं दहा दिवस एका मोठ्या आवारात, प्रत्येकाला वेगळा मिळेल इतके आडोसे. तरी ६० टक्क्यांहून जास्त वेळ सगळी एकाच आडोशात. तो काढून घेतला, तर दुसऱ्यात जाऊन परत एकत्र.

वाचून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जागेची टंचाई नसताना एकत्र येणं, म्हणजे माझी टपरीची उपमा तिथे पार बाद. पण मालकाला लिहिलं ते असं : ती पिल्लं होती, दहा दिवस होती आणि कुणीतरी सतत बघत होतं. एकत्र येणं आवडतं आणि दहा वर्षं एकाच पेटीत बंद राहणं सोसतं, या दोन निराळ्या गोष्टी. पायथनांत श्वसनाचा आजार करणारा निडोव्हायरस २०१४ पासून माहीत आहे, बोआंमधल्या इन्क्लूजन बॉडी रोगामागचा विषाणू २०१२ मध्ये सापडला. दोन्ही विषाणू वरून धडधाकट दिसणाऱ्या सापात महिनोन्महिने दडून राहू शकतात. सोबत हवीशी वाटते म्हणून ती निरोगी असेलच, असं नाही.

आणि त्याच वर्षीचा आणखी एक प्रयोग, वासाचा आरसा. सापाला आरशात बघून काय कळणार, म्हणून त्याचा स्वतःचाच वास किंचित बदलून समोर ठेवला. गार्टरने त्यावर जास्त वेळ जीभ फिरवली, जणू ‘हा मीच, पण काहीतरी वेगळं आहे’. बॉल पायथनने विशेष दखल घेतली नाही. म्हणजे एका बाबतीत पायथन मिळूनमिसळून, दुसऱ्या बाबतीत कोरा. ‘साप समाजशील आहेत का’ या प्रश्नाला हो-नाही उत्तर मागणारा माणूस यापुढे भेटला, तर त्याला आधी विचारणार, कुठला साप?

मालकाचं उत्तर : ‘तू फार लांब लिहितोस.’

१८ मे
राणीने कात टाकली. अखंड, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, शेपटीच्या टोकापर्यंत. जुन्या पेटीतल्या कातीचे फोटो मालकाने दिले होते, सगळे तुकडे-तुकडे. तेव्हा त्याला वाटायचं, पेटीत ओल कमी पडते.

२ जून
९० दिवस झाले. वजन : राजा ५६५ ग्रॅम. राणी २९८ ग्रॅम. राजाच्या मानाने अजून बारीकच, आणि बारीकच राहील कदाचित. या वाढीचं श्रेय पूर्णपणे वेगळं करण्याला देता येत नाही. वेगळं जेवण ७ मार्चलाच सुरू झालं होतं आणि जेवण मी दर आठवड्याला देतोय, मालक पंधरा दिवसांनी द्यायचा. पण ९ एप्रिलपासून राणीने एकही उंदीर नाकारलेला नाही आणि वर कापडही टाकावं लागत नाही.

सोबतीची आठवण? पहिले चार दिवस राजा पत्र्याच्या कडेकडेने फिरला. वाचताना पोटात कालवेल म्हणून मालकाला हे सांगायचं टाळत होतो. मग सांगितलं. नव्या पेटीत नेलं तेव्हाही तो चार दिवस असाच कडेकडेने फिरला, आणि तिथे पलीकडे कुणी नव्हतं.

मालकाचा फोन आला. राणीला पसरून पडलेला व्हिडिओवर दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आमच्याकडे तो असा कधी पडलाच नाही रे.” आणि मग, “नाव तरी बदललंस का त्याचं?”

बदललेलं नाही. भाचीने ‘प्रधान’ सुचवलंय. पेटीवरच्या पट्टीवर अजून ‘राणी’च आहे, खाली पेन्सिलीने : नर, दर शनिवारी एक उंदीर, दिवा घालवायची गरज नाही.